हैदराबादी चांदीचे पानदान : परीक्षेचा क्रम

चारमिनार-गुलजार हौज भागातल्या सराफाकडे जुने चांदीचे पानदान नेले, की ते आधी काट्यावर चढते. मग झाकणावरची नक्षी पाहिली जाते आणि शेवटी प्रश्न येतो : कुणाच्या घरातले? वजन, नक्षी आणि घराण्याची गोष्ट या तिन्हींवर भाव ठरतो. ही रीत एकट्या सराफाची नाही. लिलावाच्या याद्या आणि घरोघरच्या वाटण्याही याच रीतीने चालतात.

ही रीत मुळातच उफराटी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. पानदान ही रोज दहा-वीस वेळा उघडायची, एकाच व्यक्तीच्या हातातली वस्तू. तिच्याविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा वापराच्या खुणांत आणि बांधणीत असतो. त्याखालोखाल हत्याराच्या खुणा, मग धातूचा कस. नक्षीची शैली त्यानंतर येते आणि ऐकीव गोष्ट सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला नाही, तर वस्तूचा काळ आणि ठिकाण दोन्ही चुकते. चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून तर असे पानदान थेट मुशीत जाण्याचा धोका फार वाढला आहे. म्हणून हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा राहिलेला नाही.

वस्तू नेमकी कोणती

पानाच्या सरंजामात हैदराबादेत पाच-सहा वेगळ्या वस्तू असतात आणि बाजारात त्या सर्रास एकमेकींच्या नावाने विकल्या जातात. पानदान म्हणजे पान लावण्याची सामग्री ठेवायचा डबा. वरच्या तबकात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने आणि खाली कात, चुना, सुपारी, वेलदोडे, लवंगा यांच्या लहान वाट्या. या वाट्यांना तिथे कुल्हिया म्हणतात. कात-चुन्याच्या वाट्यांना झाकण असते आणि त्यांच्यात चमची असते. खासदान वेगळे. त्यात तयार विडे ठेवून पाहुण्यापुढे फिरवतात. त्याचे झाकण घुमटासारखे उंच असते, कारण आत विडे उभे रचायचे असतात. चुनाळे ही कमरेला किंवा चंचीत बाळगायची चिमुकली डबी. इलायचीदान, अत्तरदान आणि पिकदाणी यांचे काम नावावरूनच कळते.

मराठी घरांतला पानाचा डबा बहुधा पितळेचा असे. अडकित्ता त्याच्या शेजारी आणि चुनाळे त्याच्या पोटात. निजामाच्या दफ्तरांत पिढ्यानपिढ्या काम केलेली देशस्थ घराणी सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा या भागांत राहिली. अशा घरात पानदान आणि पानाचा डबा दोन्ही सापडले, तर एक ‘आपला’ आणि दुसरा ‘त्यांचा’ असे मानण्याचे कारण नाही. विडा दोघांचाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या उपभोगांत तांबूलभोगाला स्वतंत्र जागा आहे. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातलेच गाव. विजयनगरला १४४३ मध्ये आलेला वकील अब्दुर रज्जाक यानेही दरबारातल्या विड्याच्या मानाची नोंद करून ठेवली आहे. निजामांचा आसफजाही काळ सुरू झाला १७२४ मध्ये. दख्खनमधली पानाची रीत त्याच्या कितीतरी आधीची.

पानदान व्यक्तिगत होते म्हणजे किती, हे कायद्याच्या भाषेतही दिसते. मुस्लिम खानदानांत विवाहाच्या वेळी वधूसाठी ‘खर्च-ए-पानदान’ ठरवून दिला जाई. तो तिचा स्वतःचा, हिशेब न मागता खर्चायचा पैसा. उत्तर हिंदुस्थानातल्या एका घराण्यात १८७७ मध्ये सासऱ्याने सुनेला असा महिना ५०० रुपयांचा करार लिहून दिला होता. तो वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१० मध्ये निकाल सुनेच्या बाजूने लागला. एका डब्याच्या नावाने स्त्रीचा वैयक्तिक हक्क ओळखला जातो, ही बाब मला नक्षीपेक्षा मोठी वाटते. पानदानाला कडी-कोयंडा आणि कुलपाची सोय का असते, याचे उत्तरही इथेच आहे.

चुना, कात आणि धातू

आता मूळ प्रश्न. हा डबा चांदीचाच का? श्रीमंती हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे रसायनात आहे.

भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू १२.४ च्या आसपास असतो, म्हणजे तो चांगलाच जहाल अल्क आहे. कातात टॅनिन वर्गातली द्रव्ये भरपूर असतात आणि ती लोखंडाला लागली की काळे पडते. त्यात ओल्या फडक्याचा सततचा दमटपणा. अशा संगतीत लोखंड टिकत नाही आणि तांब्या-पितळेवर हिरवट थर धरतो. जस्त आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कातही. चांदीवर मात्र चुन्याचा परिणाम होत नाही.

हैदराबाद राज्यातल्या दुसऱ्या प्रसिद्ध कामाकडे, बिदरीकडे, पाहिले की या मुद्द्याचे महत्त्व पटते. बिदरीचा ओतीव गाभा मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. त्यावर चांदीची तार किंवा पत्रा जडवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने गाभा काळाभोर करतात. काळ्यावर चांदी उठून दिसते. सालारजंग संग्रहालयात बिदरी पानदाने पाहायला मिळतात. पण जस्त आणि चुना यांचे वैर असल्यामुळे बिदरी पानदानात चुना थेट गाभ्याला लागू देऊन चालत नाही. त्याला वेगळ्या धातूची वाटी हवीच. म्हणून बिदरी पानदान परीक्षेला आले, की पहिली नजर आत टाकावी. वाटी बसायच्या जागी चुन्याने खाल्लेले खड्डे आहेत का? असतील तर वस्तू खरोखर वापरात होती. आतून अगदी कोरी असेल, तर ती नजराण्याची किंवा प्रदर्शनासाठी घडवलेली असण्याचा संभव अधिक.

चांदीच्या पानदानात असे खड्डे नसतात. तिथे खुणा वेगळ्या. कातवाटीच्या तळाशी कोपऱ्यात तांबूस-तपकिरी थर राहतो आणि तो सहज निघत नाही. चुनवाटीच्या काठाखाली पांढरट कडक पापुद्रा धरतो, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा हळूहळू चुनखडक होतो. चमची एकाच बाजूने झिजलेली असते, कारण वापरणारीचा हात एकच. झाकणावर जिथे अंगठा टेकतो तिथली नक्षी पुसट होते. बिजागरीची भोके वर्षानुवर्षांच्या उघडझापीने लंबगोल होतात. या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. झाकण झिजलेले आणि चमची नवी कोरी असेल, तर निदान चमची तरी नंतरची. वाट्या एकमेकींत अदलाबदल करून बसत नसतील, तर त्या मूळच्या संचातल्या असण्याची शक्यता मोठी, कारण हाताने घडवलेल्या वाट्या ज्या त्या घरात बसवून घासलेल्या असतात.

हैदराबादच्या पुरानी हवेलीतल्या निजाम संग्रहालयात शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९३७ च्या रौप्यमहोत्सवात आलेल्या भेटी आहेत. तिथली चांदी अप्रतिम आहे, परंतु ती भेटीची चांदी आहे. आपल्या घरातल्या डब्याची तुलना तिच्याशी करून काळ ठरवू नये. घरगुती वस्तूची जोडीदार घरगुती वस्तूच.

पत्र्यापासून डबा

बांधणी तपासताना डबा रिकामा करून उजेडाला तिरका धरावा. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. ऐरणीवर चांदी ठोकली की ती कडक होते, मग लाल होईतो तापवून पुन्हा मऊ करावी लागते. असे कित्येकदा करत तिला आकार येतो. नीट पाहिले तर आतल्या बाजूला हातोडीचे उथळ, एकमेकांवर चढलेले ठसे दिसतात. यंत्रावर फिरवून दाबलेल्या पत्र्यात एकाच मध्याभोवतीची बारीक वर्तुळे असतात.

उभी भिंत वळवून केली असेल तर तिला सांधा असतो. टाकणखार लावून चांदीच्याच डाखाने जोडलेला चांगला सांधा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यावर तोंडाची वाफ सोडावी. वाफ विरताना सांध्याची रेघ क्षणभर वेगळी उमटते. पुसून टाकलेले नाव किंवा बुजवलेले भोकही याच रीतीने कधीकधी सापडते. या परीक्षेला कवडीचा खर्च नाही आणि डब्याला इजाही नाही.

करडा, मऊ, ओघळलेला डाख दिसला तर तो कथिल-शिशाचा, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीचा. असा डबा पुन्हा भट्टीत धरला तर शिसे चांदीत शिरून ती कुरतडते. अशी दुरुस्ती पुढे आणखी दुरुस्तीला हात लावू देत नाही. घरातले पानदान गावातल्या कुठल्याही कारागिराकडे ‘जरा बिजागरी बसवून द्या’ म्हणून देण्याआधी हे जरूर विचारात घ्यावे.

रेषेची परीक्षा

‘कोरीव’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामात निदान चार वेगळ्या क्रिया मिसळलेल्या असतात. खोदकामात छिन्नी धातू काढून टाकते. रेषा इंग्रजी ‘व्ही’सारखी खोल, तिच्या कडा धारदार, तळ चकचकीत. रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा बारीक होते. छिन्नी हातोडीने हाकलेली असेल तर भिंगाखाली रेषेच्या भिंतीला बारीक पायऱ्या दिसतात, एकेका ठोक्याची एकेक. उठावकामात धातू काढत नाहीत, ढकलतात. झाकण राळेवर बसवून आधी मागून फुगवायचे आणि मग पुढून बोथट हत्याराने आकार पक्के करायचे. म्हणून उठावाच्या झाकणाची आतली बाजू उलट्या नक्षीने भरलेली असते, तर खोदकामाची जवळजवळ सपाट. जाळीकामात पत्रा आरपार कापतात आणि खरी जाळी असेल तर भोकांच्या आतल्या भिंतीवर करवतीच्या उभ्या रेघा असतात. चौथे तारकाम.

झाकण उलटे करणे ही सगळ्या परीक्षेतली सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित कृती आहे. साच्यात ओतलेली नक्कल पुढून कितीही हुबेहूब असली, तरी तिच्या रेषेचा तळ दाणेदार आणि कडा बोथट असतात, आणि पाठीमागे तिचे हातोडीच्या कामाशी नाते दिसत नाही. लेसरने खोदलेली रेषा सर्वत्र एकाच रुंदीची, खरखरीत तळाची. काळेपणा तर रसायनाने एका दुपारी आणता येतो. परंतु असा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. वापराने आलेला काळेपणा खोलात साठतो आणि उंचवट्यावर उजळ राहतो.

तारकामात हैदराबाद राज्याचे नाव करीमनगरमुळे आहे. केसाएवढ्या बारीक चांदीच्या तारा पिळून, चपट्या करून, पानाफुलांच्या चौकटीत भरायच्या आणि सगळे एकदम डाखाने पकडायचे. पानदाने, अत्तरदाने, तबके हा तिथला जुना माल. या कामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तारकामाची परीक्षा तारेच्या टोकाशी करावी. हाताने भरलेली तार चौकटीला जिथे भिडते तिथे ती कापून अचूक बसवलेली असते आणि सांध्यावर डाखाचा गोळा नसतो.

कसाचे आकडे आणि त्यांचा फसवेपणा

संस्थानी मुलखात घडलेल्या चांदीवर सरकारी मुद्रेची सक्ती नव्हती. आताही भारतात चांदीचे हॉलमार्किंग ऐच्छिकच आहे. त्यामुळे जुन्या पानदानावर मुद्रा नाही म्हणून ते हिणकस ठरत नाही आणि ‘९२५’ असा ठसा दिसला तर उलट शंका घ्यावी.

चांदी येत कुठून होती? बऱ्याचदा नाण्यांतून. इथे हैदराबादला एक खास सोय आहे. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार अशी दोन नाणी मराठवाड्यापासून तेलंगणापर्यंत शेजारी शेजारी चालत. कलदार ११.६६ ग्रॅमचा, हजारात सुमारे ९१७ भाग चांदीचा. चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, ८१८ भाग चांदीचा. नाणी तशीच वितळवून घडवलेला डबा ८१८ च्या आसपास कस दाखवत असेल, तर हैदराबादच्या बाजूने एक पुरावा मिळाला. एकच, आणि तोही सूचक. सोनार चांदी शुद्ध करून घेत, मोडीत मोड मिसळत. तारकामाला तर नाण्याची चांदी चालतच नाही. तांबे जास्त असले की तार ओढताना तुटते, म्हणून ते जवळजवळ शुद्ध चांदीतच होते. तेव्हा करीमनगरच्या डब्याचा कस उंच आणि हैदराबादच्या खोदीव पानदानाचा कमी निघाला, तर त्यातून कारागिराच्या प्रामाणिकपणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. खोदकामाला उलट थोडे तांबे हितकारकच, कारण कडक धातूत रेषा स्वच्छ उतरते.

कस लावण्याच्या दोन रीती बाजारात आहेत, कसोटीचा दगड आणि क्ष-किरण यंत्र. दोन्ही पृष्ठभाग वाचतात आणि पृष्ठभाग खोटे बोलू शकतो. तांबे मिसळलेली चांदी तापवली की वरचे तांबे काळे पडते. मग ती चिंच, तुरटी किंवा आम्लात उकळतात. तांब्याचा काळा थर निघून जातो आणि वर शुद्ध चांदीची पातळ साय उरते. यंत्राला ही साय दिसते आणि ते कस वाढवून सांगते. म्हणून वाचन नेहमी झिजलेल्या जागी घ्यावे : तळाच्या कडेला, अंगठ्याच्या जागी.

डबा पाण्यात तोलून घनतेने कस काढण्याची जुनी रीत संपूर्ण धातू मोजते, पण ती किती नाजूक आहे पाहा. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तर ८१८ कसाच्या चांदी-तांब्याची सुमारे १०.१७. ६०० ग्रॅमचा डबा शुद्ध असला तर ५७.२ घन सेंटिमीटर जागा व्यापेल, ८१८ चा असला तर ५९. फरक अवघा १.८. घडीत अडकलेला हवेचा बुडबुडा किंवा पोकळ कडीत राहिलेली राळ एवढा फरक सहज गिळून टाकते. सुट्या वाट्या एकेक करून तोलल्या तरच ही रीत उपयोगी.

शैली, मजकूर आणि गोष्ट

आता नक्षीकडे यायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय गिऱ्हाइकासाठी चांदी घडवणारी केंद्रे आपापल्या ओळखीने विकत होती. कच्छची दाट वेलबुट्टी, काश्मीरची शालीवरची आणि चिनारपानांची नक्षी, लखनौची शिकारीची दृश्ये, मद्रासचे देवदेवतांचे ‘स्वामी’ काम, पुण्याच्या छावणीतला देवदेवतांचा उठाव. हे ठळक नमुने आधी वगळावेत. हैदराबादच्या बाजूला जाळी, अफूच्या फुलांची रोपटी, महिरपीतले फूलझाड आणि सोनेरी मुलामा-चांदीचे गंगाजमनी काम अपेक्षित असते. मात्र नमुने प्रवास करतात आणि कारागीरही करतात. लखनौचा कारागीर निजामाच्या राजधानीत बसून काम करू शकतो. म्हणूनच शैलीला मी क्रमात इतके खाली ठेवले आहे.

तळाशी कोरलेला मजकूर हा शैलीपेक्षा मोलाचा, पण तारखेत हमखास घोटाळा होतो. हैदराबाद राज्यात हिजरी आणि फसली दोन्ही सन चालत आणि मराठी घरांत शके. १३१८ हा आकडा हिजरी असेल तर साल १९००-०१, फसली असेल तर १९०८-०९, कारण निजामाच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते. आठ वर्षांचे हे अंतर लहान नव्हे. फारसी लिपीतले नाव म्हणजे मालक मुसलमान, असेही धरू नये. राज्याचा कारभारच आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चालत होता आणि मराठी दफ्तरदार ती अक्षरे रोज लिहीत होते. नावाच्या अक्षरांची रेषा नक्षीच्या रेषेवरून गेली आहे, की नक्षीने तिच्यासाठी जागा सोडली आहे, हे भिंगाने पाहावे. जागा सोडलेली असेल तर नाव मूळचे.

आणि गोष्ट. ‘निजामाच्या बेगमेचे’ असे ज्या डब्याबद्दल सांगितले जाते, त्याची झीज, सांधे, रेषा, कस आणि मजकूर यांपैकी काहीच त्या गोष्टीच्या आड येत नसेल, तर ती नोंदवून ठेवावी. त्याहून जास्त वजन तिला देऊ नये.

जपणूक

चांदी काळी पडते ती ऑक्सिजनने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. दर दिवाळीला रांगोळीने, राखेने किंवा पॉलिशने घासले की या थराबरोबर थोडी चांदीही जाते. दोन-तीन पिढ्यांत खोदीव रेषेच्या कडा मोडतात, चुनवाटीचा पापुद्रा आणि कातवाटीचा थर धुऊन निघतो, म्हणजे वर सांगितलेला सर्वांत भरवशाचा पुरावा मोरीत वाहून जातो. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोड्याच्या गरम पाण्याची रीत चांदी खात नाही हे खरे, पण ती खोलातला काळेपणाही काढते आणि नक्षी सपाट, बिनसावलीची दिसू लागते. मुलाम्याच्या किंवा जडावाच्या वस्तूला तर ती लावूच नये. मऊ सुती कापडाने कोरडे पुसणे पुरे. लोकर, रबर आणि वर्तमानपत्र यांच्यापासून लांब ठेवावे, कारण त्यांतून गंधक सुटते. साध्या सुती फडक्यात गुंडाळून घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवले की वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. परदेशातल्या मुलीला देण्यासाठी ती बॅगेत टाकून नेता येत नाही.

वाटण्यांच्या वेळी पानदान भावंडांत फुटते. डबा एकाकडे, वाट्या दुसरीकडे, चमची कुणाच्या तरी देवघरात. तसे होणारच असेल, तर त्याआधी एक कागद करावा. झाकण उघडे, मिटलेले आणि उलटे अशी तीन छायाचित्रे, प्रत्येक वाटीचे वेगळे वजन, कुठल्या घरात कुठली वाटी बसते त्याची आकृती, तळावरच्या मजकुराचा ठसा. आणि ते वापरणारी बाई कोण होती, ती कुठले पान खात असे, चुना कुठल्या वाटीत ठेवत असे, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे, तारखेसकट.